जोसेफ नीसिमा व स्वजनांसाठी त्याची प्रार्थना

पौल प्रेषिताने रोमकरांस लिहिलेल्या पत्राचा नववा व दहावा अध्याय आपणांपैकी पुष्कळांनी वाचला आहे. आपल्या रक्तामांसाच्या लोकांचे तारण व्हावे म्हणून त्या प्रेषिताच्या अंतःकरणात केवढे दुःख साठले होते आणि तो देवाजवळ काय मागत असे, हे तेथे त्याने स्वतः सांगितले आहे. ते वाचून ऊर भरून येतो खरा. परंतु हा तर प्रेषित, ह्याची गोष्ट निराळी, असे मनाशी म्हणून आपण पान उलटतो, असेही पुष्कळदा होते. म्हणून पौलाच्या मागून अठराशे वर्षांनी झालेल्या, आपल्याच आशिया खंडातील एका मनुष्याचे चरित्र आज थोडक्यात सांगावे असे योजिले आहे. हा मनुष्य जपान देशाचा. त्याचे नाव जोसेफ हार्डी नीसिमा. ज्या अमेरिकन बोर्डाचे हॉल व नॉट हे मिशनरी १८१३ साली मुंबईस पोहोचले व ज्याने १८३१ साली अहमदनगरास काम सुरू केले, त्याच बोर्डाने पुढे नीसिमा ह्यांस त्यांच्या मायदेशी पाठविले. तेव्हा नात्याने ते आपल्या मंडळ्यांस अगदी परके नाहीत.

त्याचा जन्म १८४३ साली येदो शहरी झाला. त्या शहरास पुढे टोकियो हे नाव पडले. बाप अन्नाका येथील जहागीरदाराच्या पदरी लेखनिक असून मुलांस अक्षर घोटविण्याचे काम करी. घराणे सामुराई, म्हणजे कमरेस तलवार लावणाऱ्या शिपाईगड्यांचे. घरात आधी चार मुली झालेल्या. पाचवा मुलगा झाला हे ऐकताच म्हाताऱ्या आज्याच्या तोंडून, मनातली वस्तू हाती लागली म्हणजे जपानी लोक जो आनंदाचा उद्गार काढतात, तो सहज बाहेर पडला, आणि त्यावरूनच मुलाचे नाव शिमेता असे ठेवण्यात आले. घरच्या देव्हाऱ्यावर कागदाचे, लाकडाचे, मातीचे व पितळेचे देव होते. मुलगा त्यांच्यापुढे नित्य नैवेद्य ठेवी. पंधराव्या वर्षाच्या सुमारास त्याच्या ध्यानात आले की, ठेविलेले अन्न देव कधीच खात नाहीत. तेव्हापासून त्याने त्यांस नमन करणे सोडून दिले. आपल्या खेड्यांतील कित्येक बंधूंचा आरंभही असाच झाला आहे. परंतु जुने देव सुटले म्हणून खरा देव सापडला असे होत नाही, आणि त्या मुलाचीही काही वर्षे अशी रिकामीच गेली.

त्या काळी जपान देशाचे दरवाजे बंद होते. १८५३ साली अमेरिकन आरमार येदोच्या आखातात येऊन ठेपले व ते दरवाजे किलकिले झाले. तरी प्रजेपैकी कोणी देश सोडून जाईल तर त्यास देहांताची शिक्षा असे आणि ख्रिस्ती धर्म पाळण्यासही सक्त बंदी असे. अशा दिवसांत शिमेता डच भाषा व गणित शिकला, आणि आपला देश किती मागे पडला आहे ह्याचा विचार त्याच्या मनास पोखरू लागला. एका मित्राकडून त्यास चिनी भाषेतील काही पुस्तके मिळाली. एका पुस्तकात अमेरिका देशाचे वर्णन होते. दुसऱ्यात पवित्र शास्त्रातील गोष्टी संक्षेपाने दिल्या होत्या. आकाश व पृथ्वी एका देवाने उत्पन्न केली हे वाक्य त्याने वाचले मात्र, त्याने पुस्तक खाली ठेविले व तो विचार करू लागला. मला कोणी घडविले? आईबापांनी नव्हे, देवाने. हे मेज कोणी केले? सुताराने खरे, पण झाड देवाने वाढविले. तर मग त्या देवाचे आभार मानणे व त्याच्याशी सरळपणाने वागणे हे माझे कर्तव्य आहे. त्याला न उपदेशक भेटला होता, न मंडळी ठाऊक होती. तरी त्या अदृश्य देवास डोळे असतील तर त्याने मला पाहावे व कान असतील तर माझे ऐकावे, एवढीच त्याची पहिली प्रार्थना होती. ती प्रार्थना आपल्या उपासनेच्या पुस्तकात शोभणार नाही. पण ती ऐकली गेली.

१८६४ च्या वसंत ऋतूत तो उत्तरेकडील हाकोदाते बंदरी गेला. तेथे रशियन पाद्री निकोलस ह्यास तो जपानी भाषा शिकवीत असे. मनातील खरा बेत मात्र परदेशी पळून जाण्याचा होता. एका इंग्रज व्यापाऱ्याच्या पेढीवर काम करणारा एक जपानी तरुण त्याचा मित्र झाला, आणि त्या वर्षाच्या जुलै महिन्यात एका रात्री त्याने शिमेतास लहानशा होडीत लपवून बर्लिन नावाच्या अमेरिकन जहाजापर्यंत वल्हवीत नेले. सकाळी जकातीचे अंमलदार तपासणीस आले तेव्हा कप्तानाने त्यास कोठडीत कोंडून ठेविले होते. वृद्ध आईबाप व आजा ह्यांस न सांगता तो निघाला. ही गोष्ट त्यास फार जड गेली. कारण त्या काळी जपानात आईबापांची आज्ञा मोडण्याइतके मोठे पाप दुसरे समजत नसत. परंतु ज्याने आईबापांसही उत्पन्न केले तो स्वर्गातील पिता अधिक मोठा, असा त्याने निर्णय केला.

जहाजावरील काम नोकराचे. एके दिवशी एका उतारूने सांगितलेले इंग्रजी शब्द त्यास समजले नाहीत, तेव्हा त्या गृहस्थाने त्यास मारले. सामुराईच्या मुलास हा अपमान कसा सोसावा? तो आपली तलवार आणावयास धावला. तलवार हाती घेतल्यावर त्याच्या मनात आले की, एवढ्याशा गोष्टीने मी बिथरलो तर माझे मोठे कार्य कसे साधणार? त्याने ती पुन्हा ठेवून दिली. शांघाय येथे तो वाइल्ड रोव्हर नावाच्या दुसऱ्या जहाजावर चढला. त्याचा कप्तान टेलर हा ममताळू मनुष्य होता. त्यानेच ह्या मुलास जो हे सुटसुटीत नाव दिले. पुढे हाँगकाँग बंदरी चिनी भाषेतील नवा करार विकत मिळत होता, पण जोजवळ पैसा नव्हता. त्याने आपली आखूड तलवार कप्तानास आठ डॉलरांस विकली व त्या पैशांतून नवा करार घेतला. वाचकहो, सामुराईची तलवार म्हणजे त्याची अब्रू होय, हे लक्षात ठेवून ही गोष्ट वाचावी. त्या पुस्तकात योहानाच्या शुभवर्तमानाच्या तिसऱ्या अध्यायातील सोळावे वचन त्याच्या दृष्टीस पडले, आणि आपणांस असाच तारणारा हवा आहे असे त्यास वाटले.

एक वर्षाच्या प्रवासानंतर १८६५ च्या जुलैत जहाज बोस्टन येथे पोहोचले. सुमारे दहा आठवडे तो नांगरलेल्या जहाजावर राखण करीत राहिला. तुला येथे कोण विचारणार, असे म्हणून खलाशी त्यास भेडसावीत, आणि तो रात्री अंथरुणावर पडून, मला टाकू नको व ज्यासाठी मी आलो ते सिद्धीस ने, एवढेच देवापाशी मागे. शेवटी जहाजाचे मालक आल्फियस हार्डी व त्यांची पत्नी ह्यांनी त्यास घरी नेऊन पुत्राप्रमाणे वागविले. त्यांनी त्यास अँडोव्हर येथील शाळेत घातले; तेथेच ३० डिसेंबर १८६६ रोजी त्याचा बाप्तिस्मा झाला. १८७० साली तो ॲमहर्स्ट कॉलेजातून पदवीधर झाला, आणि मग त्याने धर्मशिक्षणाचा अभ्यास आरंभिला.

येथे एक मोह आला, तो सांगितला पाहिजे. १८७२ साली जपान सरकारचे मोठे शिष्टमंडळ अमेरिकेस आले. शिक्षणाची चौकशी करण्यास त्यांस भाषा जाणणारा मनुष्य हवा होता. नीसिमास बोलावणे झाले. कायद्याप्रमाणे तो पळून गेलेला अपराधी. तरी तो त्यांच्यापुढे गेला, आणि आपण सरकारचे गुलाम म्हणून नव्हे, स्वतंत्र मनुष्य म्हणून काम करू, हे त्याने प्रथमच उघड सांगितले. त्यांनी ते मान्य केले. त्यांच्याबरोबर तो युरोपभर फिरला. मोठ्या हुद्द्याची सरकारी नोकरी त्याच्यापुढे ठेविली गेली. ती घेतली असती तर आईबापांस म्हातारपणी मोठे वैभव दिसले असते. त्याने ती नाकारली व तो आपल्या अभ्यासास परत आला. तीन कोटींहून अधिक देशबांधव खऱ्या देवाशिवाय आहेत, हा विचार त्यास दुसरे काही करू देत नव्हता.

२४ सप्टेंबर १८७४ रोजी बोस्टन येथे त्यांची दीक्षा झाली, आणि पुढच्याच महिन्यात रटलंड गावी अमेरिकन बोर्डाची वार्षिक सभा भरली. स्वदेशी परतण्यापूर्वी त्या सभेपुढे उभे राहून, जपानात ख्रिस्ती विद्यालय काढण्यास मदत मागावी, असे नीसिमा ह्यांनी योजिले होते. हार्डीसाहेबांस त्यात यश येईल असे वाटत नव्हते. नीसिमा रात्रभर प्रार्थना करीत राहिले. सकाळी व्यासपीठावर चढले तेव्हा तयार केलेले सारे भाषण मनातून नाहीसे झाले व पाय लटपटू लागले. मग एकाएकी आपल्या लोकांची स्थिती त्यांच्या डोळ्यांपुढे उभी राहिली व त्यांचा कंठ मोकळा झाला. काही मिनिटेच ते बोलले असतील. त्यांतील पुष्कळ वेळ ते रडतच होते. पैसे मिळाल्यावाचून मी परत जाणार नाही, अशा अर्थाचे ते काही बोलले. ते खाली बसण्यापूर्वीच वॉशिंग्टनचे पीटर पार्कर नावाचे गृहस्थ उठले व त्यांनी एक हजार डॉलर देऊ केले. इतर मंडळीही पुढे आली आणि सुमारे पाच हजार डॉलर तेथेच जमले. सभा संपल्यावर एक गरीब शेतकरी त्यांच्याजवळ आला. परत घरी जाण्याच्या आगगाडीच्या भाड्याचे दोन डॉलर त्याच्यापाशी होते. ते त्याने नीसिमांच्या हाती दिले व आपण पायी घरी जाऊ असे सांगितले. एका वृद्ध विधवेनेही तसेच दोन डॉलर दिले. मोठ्या रकमांपेक्षा ह्या चार डॉलरांचीच आठवण नीसिमा जन्मभर काढीत असत.

२६ नोव्हेंबर १८७४ रोजी ते योकोहामास उतरले व तेथून तडक अन्नाकाची वाट धरिली. दहा वर्षांनी मुलगा घरी येत होता. तो पोहोचला तेव्हा रात्र बरीच झाली होती; म्हाताऱ्या आईबापांस एकदम हर्षाचा धक्का बसू नये म्हणून त्याने गावातील धर्मशाळेत रात्र काढली व सकाळी आधी निरोप पाठवून मग तो घरात शिरला. आजा व धाकटा भाऊ ह्या दहा वर्षांत वारले होते. ज्याने त्यास नाव दिले त्या आज्यास तारणाची वार्ता सांगावयाची राहूनच गेली.

अन्नाका येथे ते तीन आठवडे राहिले. शाळेत, लोकांच्या घरी, आणि एकदा तर बुद्धाच्या देवळातही त्यांनी उपदेश केला. त्या दिवशी गावचे सारे भिक्षू ऐकावयास आले होते. प्रांताचा अधिकारी घाबरला. ख्रिस्ती धर्माच्या बंदीच्या पाट्या १८७३ साली काढल्या होत्या खऱ्या, परंतु धर्म मोकळा झाला असे कोणी स्पष्ट म्हटले नव्हते. त्याने टोकियोस जाऊन विचारले. नीसिमा असेल तर त्यास राहू द्या, असे उत्तर मिळाले. शिष्टमंडळाबरोबर केलेल्या कामाचा असा उपयोग झाला.

घरात काय झाले, हे मात्र गावातील उपदेशापेक्षा अधिक लक्षात घेण्याजोगे आहे. नीसिमांनी बापाशी वाद घातला नाही. आपण दहा वर्षांत काय पाहिले, कोणी आपणांस आधार दिला, कोणावर आपण विश्वास ठेविला, हे त्यांनी पुत्राच्या नम्रतेने सांगितले. बापाने ऐकले, आणि बापाच्या संमतीनेच मुलाने देव्हाऱ्यावरील देव खाली काढले व जाळून टाकले. थोडे कागदी देव तेवढे त्यांनी अमेरिकेतील हितचिंतकांस पाठविले. संमतीने हा शब्द मी मुद्दाम लिहिला आहे. आमच्यातील काही नवे विश्वासी बाप्तिस्मा होताच बापाच्या देव्हाऱ्यावर हात टाकतात, आणि मग वर्षानुवर्षे त्या घराचे दार त्यांस बंद होते.

येथे प्रस्तुत लेखकास एक गोष्ट कबूल करणे भाग आहे. मी उपदेशकाचे काम करू लागलो तेव्हा किती गावी गेलो, किती जणांस ऐकविले, किती पुस्तके विकली, ह्याचा हिशेब दर महिन्यास बिनचूक लिहीत असे. परंतु ज्या थोरल्या चुलत्यांनी मी घर सोडताना पाठीवरून हात फिरवून मला निरोप दिला होता, त्यांचे नाव माझ्या प्रार्थनेत किती दिवस आले नव्हते, हे मला ते वारल्याची बातमी आली त्या दिवशी समजले. नीसिमांचे चरित्र मी त्यानंतर वाचले.

विद्यालय कोठे काढावे हा मोठा प्रश्न होता. अखेर क्योतो शहर ठरले. हे जपानचे प्राचीन राजधानीचे ठिकाण. आपल्याकडे काशी तसे तेथे क्योतो. देवळे व मठ ह्यांनी ते शहर भरलेले होते. तेथे यामामोतो काकुमा नावाचे एक वजनदार गृहस्थ होते. ते डोळ्यांनी आंधळे व पायांनी अधू असून सरकारास सल्ला देत असत. त्यांनी ख्रिस्ती धर्मावरील चिनी पुस्तक ऐकले होते व त्यांचे मन वळले होते. त्यांनी जागा दिली. त्यांचीच बहीण याए हिच्याशी नीसिमांचा विवाह ठरला. ती बाई साधीसुधी नव्हे. १८६८ च्या यादवीत आयझूच्या किल्ल्यास वेढा पडला असता केस कापून, हाती बंदूक घेऊन ती तटावरून लढली होती. ख्रिस्ती मनुष्याशी लग्न करणार म्हणून तिची शाळेतील नोकरी गेली. २ जानेवारी १८७६ रोजी तिचा बाप्तिस्मा व दुसऱ्या दिवशी लग्न, असा क्रम झाला.

परंतु त्याआधीच शाळा उघडली होती. भिक्षूंनी सभा भरविल्या, सरकारात अर्ज केले, आणि क्योतोच्या अधिकाऱ्याने अशी अट घातली की, शाळेत पवित्र शास्त्र शिकवावयाचे नाही. नीसिमांनी ती अट कबूल केली. शास्त्राचे वर्ग ते शाळेबाहेर खाजगी घरात घेऊ लागले. काही मिशनऱ्यांस हे रुचले नाही. माझ्या मते नीसिमांचे बरोबर होते, कारण त्यांनी दिलेला शब्दही पाळला व वचनही शिकविले. तरी मतभेदास जागा आहे हे मी जाणतो. २९ नोव्हेंबर १८७५ रोजी सकाळी नीसिमांच्या घरी दोन शिक्षक व आठ विद्यार्थी प्रार्थनेस जमले. दुसरे शिक्षक डेव्हिस नावाचे मिशनरी होते. त्या दिवशी नीसिमांनी अश्रू ढाळीत केलेली प्रार्थना डेव्हिससाहेब कधी विसरले नाहीत. पुढे नीसिमांचे चरित्र त्यांनीच लिहिले. शाळेचे नाव दोशिशा, म्हणजे एका उद्देशाच्या लोकांची सभा.

आठ मुलांनी काय होणार, असे पुष्कळांस वाटले असेल. पुढल्याच वर्षी दूर दक्षिणेकडील कुमामोतो शहरातून तरुणांचा एक थवा आला. तेथील शाळेत जेन्स नावाच्या एका अमेरिकन लष्करी गृहस्थाने त्यांस शिकविले होते. ३० जानेवारी १८७६ रोजी सुमारे पस्तीस मुलांनी एका टेकडीवर जाऊन ख्रिस्ताची सेवा करण्याच्या प्रतिज्ञेवर सह्या केल्या होत्या. घरी त्यांचे फार हाल झाले व शाळाही बंद पडली. त्यांतील पुष्कळजण दोशिशात आले. १८७९ साली विद्यालयातून पहिले पंधरा विद्यार्थी शिक्षण पुरे करून बाहेर पडले. ते त्यांच्यापैकीच होते. अन्नाका येथेही १८७८ साली मंडळी स्थापन झाली, तेव्हा नीसिमांनी स्वहस्ते तीस जणांस बाप्तिस्मा दिला. ज्या गावी प्रथम तीन आठवडे बोलून ते निघून आले होते, तेथेच हे बीज उगवले.

आता १८८० च्या एप्रिल महिन्यातील गोष्ट. दोन वर्ग एकत्र करावे असे शिक्षकांनी ठरविले. ते मुलांस आवडले नाही. काही मुले शाळेत येईनात. हा उघड नियमभंग होता व शिक्षा होणे अवश्य होते. सकाळच्या प्रार्थनेस सर्व शाळा जमली असता नीसिमा उभे राहिले. हातात काठी होती. नियम मोडला आहे, त्यास शिक्षा झालीच पाहिजे. परंतु दोष मुलांचा नाही, शिक्षकांचाही नाही, मुख्य म्हणून तो माझा आहे, अशा अर्थाचे ते बोलले, आणि उजव्या हातातील काठीने आपल्याच डाव्या हातावर जोराने मारू लागले. काठी मोडली, तुकडे उडाले, तरी ते थांबेनात. शेवटी विद्यार्थी रडत पुढे धावले व त्यांनी त्यांचा हात धरिला. त्या काठीचे तुकडे दोशिशात जपून ठेविले आहेत. सोनेरी वासराच्या पापानंतर मोशे लोकांसाठी देवापुढे कसा उभा राहिला व आपले नावही पुस्तकातून खोडून टाक असे त्याने कसे म्हटले, ते निर्गमाच्या बत्तिसाव्या अध्यायात आहे. ज्याने लोकांसाठी एकांतात पुष्कळ रडून घेतले आहे, त्यासच चारचौघांत असे करणे साधते. दुसऱ्याने केले तर ते नाटक होईल.

त्यांच्या प्रीतीत लहानथोर हा भेद नव्हता. शाळेत गोहेइ नावाचा एक म्हातारा शिपाई होता. त्या काळी नोकरास कोणी मानाने हाक मारीत नसे. नीसिमा मात्र त्यास नेहमी आदराचा शब्द लावून हाक मारीत. देशाच्या तारणासाठी प्रार्थना करणारे कित्येकजण आपल्या दारच्या महाराशी, मांगाशी कसे बोलत, हे आपण सर्वांनी पाहिले आहे किंवा वडिलांकडून ऐकले आहे. जास्त लिहीत नाही.

श्रमाने त्यांचे शरीर खंगले. हृदयाचा विकार जडला. १८८४ साली विश्रांतीसाठी त्यांस परदेशी पाठविण्यात आले. ऑगस्ट महिन्यात स्वित्झर्लंडमधील सेंट गॉटहार्ड घाट चढत असता त्यांचा श्वास कोंडला. ओळखीचे कोणी जवळ नव्हते. आपला अंत आला असे समजून त्यांनी तेथील उतारूघरात बसून एक कागद लिहून ठेविला. मला मिलान शहरी पुरावे, माझ्या केसांची एक बट कापून क्योतोस माझ्या पत्नीकडे पाठवावी, असे त्यात होते. आणि प्रभूने जपानवर कृपादृष्टी करावी ही विनंती होती. मृत्यू समोर दिसत असता मनुष्याच्या लेखणीतून जे उतरते त्यावरून त्याच्या रोजच्या प्रार्थनेची कल्पना करता येते. तो झटका ओसरला. १८८५ च्या डिसेंबरात ते परत आले.

मी त्यांस निर्दोष म्हणत नाही. वैद्यांनी बजावले असता त्यांनी ऐकले नाही. दोशिशाचे विद्यापीठ करावयाचे, ह्या एका ध्यासाने त्यांनी १८८८ सालापासून देशभर मदत मागितली. मोठमोठ्या मंत्र्यांनी व व्यापाऱ्यांनी, जे ख्रिस्ती नव्हते त्यांनीसुद्धा, हजारो येन देऊ केले. १८८९ च्या नोव्हेंबरात त्याच कामासाठी ते आपल्या बापाच्या प्रांतात माएबाशी येथे गेले व तेथे आजारी पडले. तेथून त्यांस समुद्रकाठच्या ओइसो गावी आणिले. तेथील एका खानावळीच्या खोलीत त्यांचे शेवटचे दिवस गेले. देह दिवसेंदिवस खालावत होता. अशा स्थितीत त्यांनी प्रांतांचे नकाशे मागविले, व जेथे अद्याप कोणी उपदेशक गेला नाही अशी कोणकोणती गावे आधी हाती घ्यावी, हे अंथरुणावरून दाखवू लागले. थकून गेले तेव्हाच ते थांबले. आपल्या विद्यालयासाठी त्यांनी शेवटच्या सूचना लिहवून घेतल्या. बाणेदार व न जुमानणाऱ्या मुलांस दडपू नये, त्यांच्या प्रकृतीप्रमाणे त्यांस वळण लावावे, अशी त्यांत एक सूचना होती. इफिसकरांस पत्राचा तिसरा अध्याय त्यांनी वाचवून घेतला. २३ जानेवारी १८९० रोजी दुपारी, वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी, ते प्रभूकडे गेले. वृद्ध आई अद्याप जिवंत होती.

शव आगगाडीने क्योतोस आणण्यात आले. २७ तारखेस अंत्यविधी झाला. पाऊस पडत होता. तीन हजारांवर लोक जमले होते, आणि त्यांत ओसाकाहून आलेले बौद्ध लोकही आपला ध्वज घेऊन चालत होते. पंधरा वर्षांपूर्वी त्याच शहरात बौद्ध भिक्षूंनी नीसिमांविरुद्ध सरकारात अर्ज केले होते.

बापास १८८७ साली नान्झेंजी मठाच्या स्मशानात पुरिले होते. त्यांच्याजवळ मुलास जागा मिळावी अशी विनंती केली असता मठाने ती नाकारली. तेव्हा न्याकुओजी नावाच्या टेकडीवर दुसरी जागा घेण्यात आली. भाड्याचे वाहक तयार होते, परंतु विद्यार्थ्यांनी त्यांस हात लावू दिला नाही. चिखलातून व चढणीवरून आळीपाळीने खांदा देत त्यांनीच आपल्या गुरूस वर नेले.